एका भिंतीवरचे दोन पांढरे

घरातील दिवे, पंखे आणि पडदे फोनवरून किंवा नुसत्या आवाजावर चालावेत अशी व्यवस्था करून घेणारी माणसे कोणती प्रणाली घ्यावी, इंटरनेट बंद पडल्यावर ती चालेल का, कोणत्या उपकरणाचे कोणाशी जमेल, यावर महिनोन्महिने खल करतात. आणि या सगळ्या व्यवस्थेचा रोज डोळ्यांसमोर असणारा भाग, म्हणजे बटणांच्या आणि सॉकेटच्या दर्शनी प्लेट, हा मात्र रंगकाम उरकल्यावर पाहायचा किरकोळ विषय समजतात. मला हा क्रम उलटा वाटतो. प्रणाली भिंतीच्या आत असते आणि ती बिघडली तरच तिची आठवण होते. प्लेट मात्र खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला दिसते, प्रत्येकाच्या बोटांना लागते, आणि शेजारच्या प्लेटशी तिचे जुळत नसेल तर नेमके काय चुकले आहे हे सांगता येत नसतानाही खोलीत बसलेल्या माणसाला काहीतरी खटकत राहते.

हा बेबनाव मुळात दोन वेगळ्या उद्योगांमधला आहे. सॉकेट आणि साधी बटणे बनवणाऱ्या कंपन्यांचा कारभार संथ असतो. त्यांची एखादी मालिका दशकानुदशके बाजारात टिकते. युंग या जर्मन कंपनीची ‘एलएस ९९०’ ही मालिका १९६८पासून आजवर बनते आहे. स्मार्ट बटणे, डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारे बटण) आणि टच पॅनल बनवणारे बरेच उत्पादक याउलट इलेक्ट्रॉनिक्सच्या जगातून आलेले आहेत, आणि त्या जगात काही वर्षांपूर्वीचे उत्पादनही जुने ठरते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांचे एकमेकांशी जमावे म्हणून ठरवलेले मॅटर हे समाईक मानक २०२२मध्ये आले, तेव्हा अनेक उत्पादकांनी आपली उपकरणे त्याला धरून नव्याने बाजारात आणली. एकाच्या कारखान्यात प्लेटचा पांढरा रंग पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला जातो, तर दुसऱ्याच्या कारखान्यात प्लेट म्हणजे सर्किटवर घालायचे झाकण असते. असे दोघे एकाच भिंतीवर शेजारी आले की त्यांना एका वेषात आणण्यासाठी आपल्या मागणीप्रमाणे प्लेट बनवून घेण्याची कल्पना सुचते, आणि तिथून पुढे गोष्ट वाटते तितकी सोपी राहत नाही.

मापाची अडचण सर्वांत आधी येते. भिंतीत गाडलेल्या डब्याचे माप प्रत्येक प्रदेशात फार पूर्वीच ठरून गेले आहे आणि सगळ्या प्लेटना त्या डब्याचे ऐकावे लागते. ब्रिटिश पद्धतीत एकेरी प्लेट ८६ मि.मी.ची चौरस असते आणि तिच्या दोन स्क्रूंच्या मध्यांत ६०.३ मि.मी. अंतर असते. युरोपच्या मोठ्या भागात डबा गोल असतो, आणि शेजारच्या दोन डब्यांच्या केंद्रांत ७१ मि.मी. अंतर राखले की दोन, तीन किंवा अधिक अवयवांवर, म्हणजे बटणांवर किंवा सॉकेटवर, एकच सलग फ्रेम बसते. उत्तर अमेरिकेत एकेरी उभी प्लेट साधारण ७० बाय ११४ मि.मी.ची असते आणि प्रत्येक वाढीव अवयवामागे तिची रुंदी ४६ मि.मी.ने वाढते. हे आकडे माहीत नसताना दुसऱ्या प्रदेशातले सुंदर टच पॅनल मागवणाऱ्याला प्लेट नंतर करून घेता येते, पण भिंत फोडायची तयारी आधी ठेवावी लागते. डब्याच्या खोलीचे तेच आहे. २५ मि.मी. खोल डब्यात साधे बटण आरामात मावते. रिले (वीज चालू-बंद करणारा खटका), वीजपुरवठा आणि रेडिओ पोटात घेऊन आलेल्या स्मार्ट बटणाला मात्र ३५ किंवा ४७ मि.मी.चा डबा हवासा वाटतो, आणि तो नसेल तर बटण भिंतीच्या बाहेर डोकावते. मग त्या बटणावरची प्लेट कितीही कौशल्याने बनवली, तरी ती शेजारच्या प्लेटपेक्षा काही मिलिमीटर पुढे राहते आणि तिची सावली भिंतीवर पडते. जुळवाजुळवीत मी रंगाआधी सावली पाहतो, कारण डोळ्याला ती आधी दिसते.

मापांपेक्षाही मला या पद्धतींमधला एक फरक महत्त्वाचा वाटतो, आणि तो असा की प्लेट म्हणजे नेमका कोणता भाग, हेच सगळीकडे सारखे नाही. अमेरिकी पद्धतीत बटण किंवा सॉकेट हा एक अवयव असतो आणि प्लेट ही त्यावर बसणारी स्वतंत्र, निर्जीव चौकट असते; लेव्हिटन कंपनीने १९७३मध्ये आणलेल्या डेकोरा या आयताकृती घाटामुळे बटण, डिमर आणि सॉकेट हे तिन्ही एकाच मापाच्या खिडकीतून बाहेर पाहू लागले, आणि त्यामुळे तिथे सगळ्यांसाठी एकसारखी प्लेट बनवून घेणे तुलनेने सोपे झाले. जर्मन पद्धतीत बाहेरची फ्रेम आणि मधला सुमारे ५५ मि.मी.चा चौरस असे दोन थर असतात. फ्रेम बदलता येते, मधला चौरस मात्र ज्या त्या कंपनीचा राहतो. ब्रिटिश घाटाच्या सॉकेटमध्ये तर बहुधा प्लेट आणि सॉकेटचा चेहरा ही एकच वस्तू असते. पिना जाण्याची छिद्रे, त्यांमागचे सुरक्षा पडदे आणि आतील धातूच्या पट्ट्यांना धरून ठेवणारा साचा हे सगळे त्या एका तुकड्याशी जोडलेले असते. अशा सॉकेटला ‘नवी प्लेट’ करून द्या असे म्हणणे म्हणजे सॉकेटच नव्याने बनवायला सांगणे आहे.

मग उरतो रंग, आणि त्यातही पांढरा. काळी प्लेट काळ्या प्लेटशेजारी सहसा खपून जाते. पांढऱ्याला मात्र क्षमा नसते. जर्मनीत १९२७मध्ये ४० रंगांपासून सुरू झालेल्या आरएएल या रंगसंग्रहात आज ९००३, ९०१० आणि ९०१६ असे निरनिराळे पांढरे आहेत, आणि प्लेटच्या व्यवहारात यांतल्या शेवटच्या दोघांची गाठ वारंवार पडते. ९०१० उबदार आहे, किंचित पिवळसर दुधाळ. ९०१६ थंड आणि जास्त उजळ. एकेकटे पाहिले तर दोघांनाही आपण निःशंकपणे पांढरे म्हणतो. शेजारी ठेवले की पहिला मळका वाटू लागतो आणि दुसरा निळसर, आणि तो आरोप दोघांवरही अन्यायाचा असतो. रंगातले अंतर मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९७६मध्ये ठरवलेली पद्धत आणि तिच्या पुढच्या सुधारित आवृत्त्या वापरल्या जातात. त्या मोजपट्टीवर साधारण एक एककाचा फरक तरबेज डोळ्याला, तोही दोन नमुने एकमेकांना टेकवून ठेवल्यावर, जेमतेम ओळखता येतो. यातले ‘टेकवून’ हे कामाचे आहे. दोन प्लेटमध्ये वीतभर भिंत मोकळी सोडली तर डोळ्याची तुलना करण्याची शक्ती एकदम मंदावते आणि दोन-तीन एककांचा फरकही सहज लपून जातो. त्यामुळे जिथे दोन उत्पादकांचे अवयव वापरणे अटळ आहे तिथे त्यांना एका चौकटीत कोंबण्याऐवजी थोडे दूर बसवावे, आणि हे ठरवायची वेळ डबे बसवतानाची असते, प्लेट निवडतानाची नसते.

दिव्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. दोन पृष्ठभाग दिवसाच्या उजेडात अगदी सारखे दिसतात आणि रात्री एलईडीखाली वेगळे होतात, कारण त्यांतील रंगद्रव्ये निराळी असतात आणि प्रत्येक दिव्याच्या प्रकाशात रंगांचे मिश्रण निराळे असते. प्रयोगशाळेत नमुना डी६५ नावाच्या प्रमाणित दिवसउजेडाखाली तपासला जातो. आपल्या खोलीत संध्याकाळी ज्या पिवळसर दिव्याखाली ती प्लेट आयुष्य काढणार आहे, त्या दिव्याला डी६५ची ओळखही नसते. गंमत म्हणजे स्वयंचलित घरांत हा दोष जास्त उघडा पडतो, कारण तिथले दिवे सकाळी थंड आणि रात्री उबदार असे आपोआप बदलतात आणि एकाच भिंतीवरच्या दोन प्लेट दिवसातून काही वेळ जुळतात, काही वेळ फटकून राहतात. म्हणून नमुना हातात आला की तो घरातील सर्व दिव्यांखाली, त्याच भिंतीला टेकवून, उभा धरून पाहावा असे मी प्रत्येकाला सांगतो. टेबलावर आडवा ठेवलेला नमुना भिंतीवर कसा दिसेल हे सांगत नाही.

रंग जुळला तरी चकाकी वेगळी असू शकते. साच्याचा पृष्ठभाग आरशासारखा घासलेला असेल तर प्लेट चमकते, खरखरीत केलेला असेल तर मंद दिसते. आणि तोच रंग चमकदार प्लेटवर गडद, मंद प्लेटवर फिकट भासतो. बरेच जण रंगाच्या क्रमांकावर अडून बसतात आणि चकाकीबद्दल ‘मॅट’ एवढा एकच शब्द बोलून मोकळे होतात, वास्तविक मॅटचेही अनेक प्रकार असतात. घासलेल्या पोलादी प्लेटमध्ये तर ओरखड्यांची दिशासुद्धा पाहावी लागते. एका प्लेटवर त्या रेघा आडव्या आणि शेजारच्या प्लेटवर उभ्या असतील, तर एकाच पत्र्यातून कापलेल्या असूनही एक उजळ आणि एक काळवंडलेली दिसते. कारागिराला कागदावर बाण काढून दिला की हा प्रश्न मिटतो, पण तो बाण काढायचे सुचावे लागते.

काचेची गोष्ट वेगळी आणि मला सर्वांत रंजक वाटणारी आहे. टच पॅनलसाठी कठीण केलेल्या काचेची प्लेट घेतात आणि रंग तिच्या पाठीमागून छापतात. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे मागचा शुभ्र रंग पुढून हिरवट दिसतो. शुभ्र हवा असेल तर कमी लोहाची काच मागावी लागते. दुसरी मेख स्पर्शाची. काचेमागचा इलेक्ट्रोड बोट जवळ आल्यावर होणारा विद्युतधारितेतला बदल ओळखतो. म्हणून मागच्या थरात धातूची भुकटी असलेला चंदेरी किंवा सोनेरी रंग मारला, तर प्लेट शोभिवंत होते आणि बटण बहिरे होते. मूळ उत्पादकाने धरलेल्या जाडीपेक्षा काच जाड झाली तरी तोच परिणाम दिसतो.

धातूच्या प्लेटचा तोरा मला कळतो. बोटाला लागणारा गारवा आणि वजन प्लास्टिकला कधी जमत नाही. पण रेडिओवर चालणाऱ्या बटणाला धातूच्या डब्यात बसवून वर धातूची सलग प्लेट ठोकली की आपण त्याला चहूबाजूंनी कोंडतो. स्मार्ट उपकरणांच्या बिनतारी पद्धतींपैकी वायफाय, झिगबी आणि थ्रेड हे २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतात, झेड-वेव्ह त्याहून कमी, ८००-९०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. कमी वारंवारतेच्या लहरी भिंतींतून जरा बऱ्या जातात, परंतु धातूच्या पेटीपुढे दोघींचेही फारसे चालत नाही. बटण टेबलावर उत्तम चालते, भिंतीत गेल्यावर अधूनमधून हरवते, आणि दोष प्रणालीला दिला जातो. धातूच आवडत असेल तर तारेवर चालणारी प्रणाली निवडावी, किंवा चौकट धातूची आणि मधले बटण प्लास्टिकचे किंवा काचेचे ठेवावे. आणि धातूच्या प्लेटला अर्थिंग हवेच. ते सजावटीच्या यादीत नसते म्हणून विसरले जाते.

आता हाताशी आलेल्या थ्रीडी प्रिंटरबद्दल. जुन्या डब्यावर नवे पॅनल बसवताना उरणारी फट झाकणारी चौकट, कमी व्होल्टच्या कीपॅडची फ्रेम, रिकाम्या डब्याचे झाकण, अशी कामे त्यावर छान होतात आणि त्यात मिळणारा आनंद मी कमी लेखत नाही. मात्र घरी सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि डिमर काम करताना बऱ्यापैकी तापतो. घरगुती सॉकेटच्या आंतरराष्ट्रीय मानकात तापलेल्या तारेची एक चाचणी असते: वीज वाहणाऱ्या भागांना जागेवर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकला ८५० अंश तापलेली तार टेकवली तरी त्याने आग धरून ठेवता कामा नये, इतर भागांसाठी हा आकडा ६५० अंश आहे. कारखान्यातल्या प्लेट यातून पार पडलेल्या असतात. घरी छापलेल्या प्लेटची अशी परीक्षा कोणी घेतलेली नसते.

हे सगळे पारखून घेतल्यावर मी ज्या निष्कर्षावर ठाम झालो आहे तो असा: जुळवाजुळव सॉकेटपासून सुरू करावी. बहुतेक जण उलट करतात. ते आवडलेल्या स्मार्ट पॅनलपासून निघतात आणि मग सॉकेटला त्या रंगात रंगवायला, झाकायला किंवा नवा चेहरा द्यायला पाहतात. पण सॉकेट ही भिंतीवरची सर्वांत कमी लवचिक वस्तू आहे. तिचे छिद्र, तिचे पडदे, पिन किती आत जावी याचे अंतर, सगळे मानकाने बांधलेले असते. सॉकेटच्या पुढ्यात दोन-तीन मिलिमीटर जाडीची शोभेची प्लेट चिकटवली तर प्लग तेवढाच बाहेर राहतो. पकड अपुरी पडते, सांधा तापतो, आणि काही प्रकारच्या प्लगमध्ये वीज असलेली पिन बोटाला लागण्याइतकी उघडी राहू शकते. रंग फासला तर तो पडद्यांच्या सरकत्या भागात जाऊन बसतो. सॉकेटला हात न लावता तिची चौकट तेवढी बदलावी, आणि ज्या मालिकेत चौकट वेगळी मिळत नाही तिथे सॉकेट आहे तशी स्वीकारून बाकीच्यांना तिच्या रंगाला आणावे. बटण हा त्या मानाने समजूतदार अवयव आहे. त्याची यंत्रणा मागे असते आणि समोरच्या पाकळीला फक्त दाबले जाण्याचे काम असते, म्हणून ती पाकळी वेगवेगळ्या रंगांत आणि धातूंत सहज मिळते.

याच विचाराने पुढे गेले तर एक थोडे विरस करणारे उत्तर हाती येते, की सर्वांत नीट जुळणारी स्मार्ट प्लेट ही बहुधा साधी प्लेटच असते. सॉकेटच्याच मालिकेतले साधे, दाबल्यावर परत येणारे बटण घ्यावे आणि त्याच्या मागे डब्यात काड्यापेटीएवढे रिले मॉड्यूल बसवावे. मॉड्यूल चार-पाच वर्षांनी जुने झाले तर मागच्या मागे बदलता येते आणि भिंतीचा चेहरा तसाच राहतो. यासाठी डबा खोल हवा आणि बहुतेक मॉड्यूलना डब्यात न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार लागते, जी जुन्या घरांत बटणापर्यंत आणलेली नसते. म्हणून इलेक्ट्रिशियनशी बोलणे प्लेटवाल्याच्या आधी व्हायला हवे. केएनएक्ससारख्या तारेवरच्या प्रणालीत बटणाकडे फक्त सुमारे ३० व्होल्टची सुरक्षित डीसी तार येते आणि जर्मन घाटाच्या बऱ्याच मालिकांत तिची बटणे सॉकेटच्याच चौकटीत बसतील अशी मिळतात. तरीही मुख्य विजेचे सॉकेट आणि ही कमी व्होल्टची तार एका चौकटीखाली आणताना दोघांत नियमाप्रमाणे आडोसा ठेवावा लागतो, कारण वरून एक दिसणाऱ्या चौकटीखाली दोन वेगळी जगे असतात.

कोरीव अक्षरांबद्दल माझे मत जरा हट्टी आहे. मागणीप्रमाणे बनवलेल्या प्लेटवर लेझरने ‘सिनेमा’, ‘पाहुणे’, ‘शुभरात्री’ अशी दृश्यांची, म्हणजे एका बटणाने लागणाऱ्या दिव्या-पडद्यांच्या ठरावीक मांडणींची, नावे कोरून घेण्याचा मोह होतो, आणि वर्षभरात त्या दृश्यांचे अर्थ बदलतात. मग ‘पाहुणे’ दाबले की अभ्यासाचा दिवा लागतो. कोरायचेच असेल तर जागेचे नाव कोरावे. छताचा दिवा, बाल्कनी, पडदा या गोष्टी आपली जागा सोडत नाहीत. सॉकेटवर मात्र एक खूण मला आवश्यक वाटते, ती म्हणजे हे सॉकेट आपोआप बंद होऊ शकते ही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने ऊर्जाबचतीसाठी किंवा इमारतीच्या स्वयंचलनासाठी आपोआप बंद होणाऱ्या नेहमीच्या सॉकेटवर ठरावीक चिन्ह आणि ‘कंट्रोल्ड’ हा शब्द कायमचा उमटवायला सांगितले आहे, आणि तो सॉकेटच्या स्वतःच्या चेहऱ्यावर, कारण प्लेट बदलली जाते आणि तिच्यासोबत खूणही निघून जाते. रंगकामानंतर कोणत्या प्लेट कोणाच्या, याचा घोळ पाहिलेल्या कोणाही माणसाला हा नियम पटेल.

जिथे कीपॅड किंवा टच पॅनल खरोखर हवेच, तिथे मी जुळवण्याचा आग्रह सोडून देतो. जवळजवळ जुळलेला पांढरा हा सरळ वेगळ्या काळ्यापेक्षा जास्त त्रास देतो. पहिल्यात प्रयत्न फसल्याचे दिसते, दुसऱ्यात निवड दिसते. शिवाय आज जुळलेले पांढरे उद्या जुळतीलच असे नाही. युरिया-फॉर्मल्डिहाइडची जुन्या पद्धतीची कडक प्लेट, पॉलिकार्बोनेटची आणि एबीएसची प्लेट, या तिघींचे वय निरनिराळ्या गतीने वाढते. एबीएसमधला रबरी अंश सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पिवळा पडतो, त्यामुळे खिडकीसमोरची प्लेट दाराआडच्या प्लेटपेक्षा आधी म्हातारी होते. जादा प्लेट आणून ठेवण्याचा सल्ला चांगला आहे, पण एकाच ताग्यातल्या दोन सदऱ्यांपैकी एक रोज उन्हात वाळला आणि दुसरा कपाटात राहिला तर जे होते, तेच इथेही होते.

माझ्या घरी आता सॉकेट आणि बटणे एकाच मालिकेतली, मंद चकाकीची, ९०१०च्या जवळची आहेत. मॉड्यूल मागे डब्यांत आहेत. आणि दाराशी काळ्या काचेचा एकच कीपॅड आहे, जो कोणाशीही जुळण्याचा प्रयत्न करत नाही. राहिला आहे तो थर्मोस्टॅट. त्याच्या कडेच्या फटींतून हवा आत गेली नाही तर त्याला खोलीचे तापमान कळत नाही, आणि त्यातल्या हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरची पातळ प्लास्टिकची भिंगे रंगवली तर तो आंधळा होतो, म्हणून त्यावर प्लेट चढवणेही शक्य नाही आणि रंग देणेही. तो थंड, निळसर पांढरा आहे आणि बटणांच्या ओळीपासून वीतभर नव्हे, चांगला हातभर दूर हलवायचा, की त्याला आत दडवून भिंतीवर फक्त त्याच मालिकेतल्या चौकटीत बसणारा तापमानाचा सेन्सर ठेवायचा, यावर इलेक्ट्रिशियनचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. त्याला पहिला मार्ग सोपा वाटतो; मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.